क्लेम ॲशवर्थला आत कोण बोलावणार?

विनी ॲशवर्थचा स्वभाव पहिल्यापासून चौकस. तिच्या वडिलांचं ब्लॅकमॉस या इंग्लिश गिरणगावच्या बाजारात वजडीचं दुकान होतं. उकडलेली वजडी तोलता तोलता गिऱ्हाइकाच्या घरातलं भांडण, बाळंतपण, दुखणं, सगळं बोलबोलता काढून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा डोक्यात प्रश्न शिरला की त्याचा छडा लागेपर्यंत तिला चैन पडत नसे. अशा बाईला आपल्याच नवऱ्याबद्दलचा एक प्रश्न वर्षानुवर्षं सुटू नये, ही नामुष्कीच म्हणायची. प्रश्न साधा होता. ईनॉक कर्शॉ क्लेमला सार्जंटांच्या मेसमध्ये का बोलावत नाही?

नवरा म्हणजे मेजर क्लेमंट ॲशवर्थ, पलटणीचा क्वार्टरमास्टर. बुटाच्या नाडीपासून तंबूपर्यंत पलटणीला लागणारी प्रत्येक वस्तू त्याच्या कोठीतून बाहेर पडे, आणि बाहेर पडताना त्याच्या जिवावर येई. मेजर ॲशवर्थकडून नवी घोंगडी हवी असेल तर आधी जुनीत गारठून मरून दाखवावं लागतं, असं शिपाई म्हणत. हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्याला ते आवडलंही होतं, पण तसं त्याने दाखवलं नाही.

मेजर म्हटल्यावर कुणाला वाटेल, वाडवडील जमीनदार असतील, शाळा मोठी असेल. तसलं काही नव्हतं. क्लेम जन्मला गिरणीमागच्या गल्लीत. बाप विणकर, आई विणकर, आणि घराला मागची भिंत नव्हती, म्हणजे होती पण ती मागच्या घराचीही होती. पलीकडच्या घरात ईनॉक कर्शॉ. एकाने भिंतीवर बुक्की मारली की दुसरा बाहेर येई. गिरण्या आठवड्यातले निम्मे दिवस बंद राहू लागल्या तेव्हा ही दोन पोरं मिसरूड फुटायच्या आतच पलटणीत भरती झाली. क्लेमच्या गळ्यात ढोल पडला आणि ईनॉकच्या हातात बिगूल. ईनॉकच्या बिगुलाने सगळी छावणी वेळेआधीच जागी होत असे, कारण तो आधी सराव करायचा.

मग पलटण जाईल तिकडे दोघं गेले. हिंदुस्थानातल्या छावण्या झाल्या, वाळवंट झालं, इटलीतला चिखल झाला. तिथे एका नदीकाठी एकाला गोळी लागली आणि दुसऱ्याने त्याला पाठुंगळीला मारून आणलं. ही हकीगत दोघंही रंगवून सांगत, फक्त क्लेमच्या हकीगतीत पाठीवर ईनॉक असे आणि ईनॉकच्या हकीगतीत क्लेम. व्रण दोघांच्याही मांडीवर होता. विनीने याचाही छडा लावायचा प्रयत्न केला होता, पण त्या दिवशी पाहणारा तिसरा माणूस हयात नव्हता.

ईनॉकने लग्न केलं नाही. त्यामुळे रविवारचं जेवण विनीकडे, हे न बोलता ठरून गेलं होतं. क्लेम चढत चढत पलटणीचा सार्जंट-मेजर झाला, म्हणजे ऑफिसर नसलेल्यांत सगळ्यात वरचा. कर्नल नावाला मालक असतो, पलटण खरी सार्जंट-मेजरच्या दटावणीवर चालते. ईनॉक त्याच्या एक पायरी खाली. सार्जंटांच्या मेसमध्ये शेकोटीजवळची खुर्ची क्लेमची, तिच्या शेजारची ईनॉकची. दोघं संध्याकाळी तिथे बसून पाइप ओढत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत.

मग कर्नलसाहेबांनी क्लेमला बोलावून सांगितलं, की सरकार तुला ऑफिसर करतंय, क्वार्टरमास्टर म्हणून. अशा वेळी नाही म्हणायची पद्धत नाही. हो म्हणायचीही खरं तर नसते. बुटाच्या टाचा जुळवायच्या आणि बाहेर यायचं.

पलटणीत अशा माणसाची पाठवणी करतात. जूनमधली संध्याकाळ होती, ऊन अजून मैदानावर होतं. मेसमध्ये जेवण झालं, भाषणं झाली, आणि सार्जंटांनी क्लेमला त्याच्या खुर्चीसकट उचललं. खुर्चीच्या पुढच्या एका पायाला ईनॉक. गात, ओरडत, मध्येच मुद्दाम हिंदकळवत त्यांनी त्याला मैदानापलीकडे ऑफिसरांच्या मेसच्या दारात नेऊन ठेवलं, दार वाजवलं आणि खुर्ची तेवढी काढून घेतली. मग ईनॉकने पाऊल आपटून सलाम केला. ‘येतो, सर,’ म्हणाला. विनी बाकीच्या बायकांबरोबर कडेला उभी होती. तिला हसू येत होतं, ते एकदम थांबलं.

त्यानंतर क्लेमला त्या मेसमध्ये पाऊल टाकायचं तर बोलावणं हवं. कर्नल असो की जनरल, बोलावल्याशिवाय सार्जंटांच्या मेसचा उंबरा ओलांडत नाही. हा नियम लिहिलेला कुठे सापडायचा नाही, आणि म्हणूनच तो कुणी मोडत नाही. ईनॉक क्लेमच्या जागी सार्जंट-मेजर झाला. ॲशवर्थ मंडळी टेकडीवरच्या ऑफिसरांच्या घरात राहायला गेली, आणि ईनॉकचं रविवारचं येणं बंद झालं. सार्जंट-मेजरने मेजरच्या घरी मागच्या दाराने यायचं नसतं, आणि पुढच्या दाराने आला तर तो पाहुणा. ईनॉकला पाहुणा होऊन यायचं नव्हतं.

ऑफिसरांच्या मेसमध्ये क्लेमला कुणी वाईट वागवलं, असं मुळीच नाही. पहिल्या मेजवानीत गोड दारूची बाटली डावीकडे सरकवत जायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाटली त्याच्यापुढे येऊन अडली, आणि मागून घ्यायची नाही हीही तिथली रीत, म्हणून अख्खं टेबल कोरड्या घशाने हवापाण्याच्या गप्पा मारत बसलं. नंतर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती सगळी पोरं भल्या घरची, त्याच्याशी फार अदबीने वागत, आणि ती अदबच त्याला जड जाई. शिपाई ‘सर’ म्हणत, ऑफिसर ‘क्वार्टरमास्टर’ म्हणत, बाजारातले लोक ‘मेजरसाहेब’. क्लेम म्हणणारी एकटी विनी उरली.

आणि आता पलटणच बुडायची वेळ आली होती. वसंतात ती शेजारच्या जिल्ह्याच्या पलटणीत मिसळायची होती, नावासकट. छावणी नगरपालिकेला जायची होती, मेसला कुलूप लागायचं होतं. क्लेमला निवृत्ती. त्यांनी समुद्राकाठी एक बुटकं घरही पाहून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात एक दिवस क्लेम परसात वाळकी पानं गोळा करत होता. विनी चहा घेऊन गेली. कप हातात घेऊन तो खाली दिसणाऱ्या मेसच्या धुरांड्याकडे बघत राहिला.

‘कुलूप लागायच्या आत एकदा तिथं बसायचंय,’ तो म्हणाला. ‘नुसतं बसायचं. आपल्या माणसांत.’

‘मग जा की. चार पावलांवर तर आहे.’

‘असं जाता येत नाही, विनी. बोलावलं पाहिजे.’

‘नाताळात बोलावतातच ना?’

‘ते ऑफिसरांना बोलावतात,’ तो म्हणाला. ‘मला नाही.’

नाताळच्या दुपारी सार्जंट लोक सगळ्या ऑफिसरांना आपल्या मेसमध्ये एक ग्लास घ्यायला बोलावत, ही जुनी चाल. क्लेम एकदाही गेला नव्हता. दर वर्षी तो त्या दिवसाचा पहारा स्वतःकडे मागून घेई आणि तरण्या ऑफिसरांना मोकळं सोडी. सगळे म्हणत, केवढ्या मोठ्या मनाचा. विनीला मात्र माहीत होतं, की ते मोठं मन नव्हतं, रुसवा होता. ऑफिसरांच्या घोळक्यातून त्या दारात शिरायला तो तयार नव्हता. त्याला स्वतःच्या नावाने बोलावणं हवं होतं, आणि ते ईनॉककडून हवं होतं. आणि हे तो मेला तरी ईनॉकला सांगणार नव्हता.

इतकी वर्षं विनीनेही ईनॉकला विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या पलटणीत बायकोने नाक खुपसू नये, एवढं एक पथ्य ती पाळत आली होती. पण आता पलटणच राहणार नव्हती, तर पथ्य कुणासाठी पाळायचं, असा तिने विचार केला आणि शनिवारी टोपी चढवून बाजारात गेली.

वजडीचं दुकान आता तिचा भाऊ चालवत होता. ईनॉक दर शनिवारी तिथे येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसे आणि कांदा घातलेली वजडी व्हिनेगर ओतून खाई. भिंतीला पाठ, मान ताठ, समोर वजडी नसून कवायत असावी असा. विनीला पाहताच तो काटा ठेवून उभा राहिला.

‘मिसेस ॲशवर्थ.’

‘बस खाली,’ विनी म्हणाली. ‘मिसेस ॲशवर्थ म्हणे. दर रविवारी माझ्याकडे ताट चाटूनपुसून साफ करायचास, तेव्हा कोण होते मी?’

‘विनी.’

‘मग आता?’

‘आता मेजरसाहेबांच्या मिसेस.’ तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर.

‘मला एक विचारायचंय. सरळ उत्तर दे, मला परेडवर असल्यासारखी उत्तरं नकोत. तू क्लेमला मेसमध्ये का बोलावत नाहीस?’

‘बोलावतो की. दर नाताळात.’

‘ते सगळ्या ऑफिसरांना.’

‘तो ऑफिसरच आहे.’

‘ईनॉक.’

त्याने व्हिनेगरची बाटली उचलली, ताटलीत ओतलं, ताटलीत आधीच पुष्कळ होतं. ‘हे बघ, पहिल्या वर्षी मी त्याची खुर्ची शेकोटीजवळ लावून ठेवली. पोरांना बजावलं, कुणी टेकायचं नाही. सगळे ऑफिसर आले, हा नाही. का, तर म्हणे पहाऱ्यावर आहे. म्हटलं ठीक. दुसऱ्या वर्षी पुन्हा पहारा. तिसऱ्या वर्षी पुन्हा. नाताळच्या दिवशी पहारा कोण मागून घेतं, विनी? पोरं विचारतात मला, मेजरसाहेबांना आमची बिअर बाधते का? काय सांगू त्यांना?’

विनी त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे हा बोलावून थकला होता आणि तो बोलावण्याची वाट बघून. एकाने दार उघडं ठेवलं होतं, दुसरा म्हणत होता की दारातून हाक ऐकू आली नाही. पलटणीबाहेरची दोन माणसं असती तर एका संध्याकाळी भांडून मोकळी झाली असती.

‘तुम्ही दोघं एकाच गल्लीत जन्मलात ते उगाच नाही,’ ती म्हणाली. ‘दोघांच्या डोक्यात एकच भुसा भरलाय. त्याला वाटतं तू त्याला विसरलास. त्याला घोळक्यात नाही यायचं. तू जाऊन त्याला क्लेम म्हणून हाक मारशील, म्हणशील चल, याची वाट बघत बसलाय तो.’

एवढं बोलून ती उठली. प्रश्न सुटला होता, आणि इतका साधा निघाला म्हणून तिला थोडी निराशाही वाटत होती. तेवढ्यात ईनॉक म्हणाला, ‘थांब जरा.’

ती थांबली.

‘मी सांगितलं ते खरं आहे. पण पुरतं नाही.’ तो ताटलीकडे बघत बोलत होता. ‘त्याला काय हवंय ते मला कळत नाही असं वाटतं तुला? मी आज जाऊन हाक मारली तर तो येईल. अनवाणी येईल. आणि तो दारात दिसला की सगळे उठून उभे राहतील. पहिला मी. उभं राहावंच लागतं. मी नाही राहिलो तर उद्या पोरं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतील. आणि हे मला शिकवलं कोणी? त्यानंच. त्याला वाटतंय आत त्याची जागा अजून आहे. ती नाही, विनी. मी बोलावलं की त्याला ते कळणार. नाही बोलावलं तर निदान वाटत तरी राहील.’

विनी पुन्हा बसली. भावाने तिच्यापुढे वजडीची ताटली आणून ठेवली होती. तिने ती तशीच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, की हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी येताना तिने ठरवलं, की क्लेमला पहिलं अर्धं सांगायचं आणि दुसरं पोटात ठेवायचं. ईनॉकचं खरं असेल, नसेलही. माणूस आत गेल्याशिवाय कळणार कसं? आणि वसंतात कुलूप लागलं, की मग जन्मभर समुद्राकडे बघत हा विचार करत बसणार, की बोलावलं का नाही. त्यापेक्षा काय व्हायचं ते होऊन जाऊ दे.

‘ईनॉक भेटला होता,’ तिने चहाच्या वेळी सांगितलं. ‘तुझ्यावर फार रागावलाय. म्हणतो, दर वर्षी खुर्ची मांडतो आणि हा येत नाही.’

क्लेमने कप खाली ठेवला. ‘रागावलाय?’

‘हो.’

‘माझ्यावर?’

‘नाही, माझ्यावर. वजडी खाल्ली नाही म्हणून.’

क्लेमच्या चेहऱ्यावर हळूहळू अशी खुशी पसरली, की विनी बघत राहिली. मेजर झाल्यापासून त्याच्यावर कुणी रागावलंच नव्हतं. त्याने दोनदा पाइप पेटवला आणि दोनदा विझू दिला. मग त्याचा चेहरा उतरला. ‘पण या वर्षीचा पहाराही मीच मागून घेतलाय. कर्नलसाहेबांनी जाहीर केलंय. आता कुणा पोराच्या गळ्यात कसा घालू?’

कर्नल ब्रॅकनबरी रोज सकाळी टेकडीवर कुत्रा फिरवीत. उंच, लाजाळू माणूस, बायकांशी बोलताना नेहमी कुत्र्याकडे बघणारा. विनी दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच वाटेवर निघाली. पलटणीत नाक खुपसायचंच तर पुरतं खुपसावं, असा तिचा आता हिशोब होता.

‘ॲशवर्थ दर नाताळात पहारा घेतो खरा,’ सगळं ऐकून कर्नल कुत्र्याला म्हणाले. ‘मला वाटायचं, त्याला मनुक्यांचं पुडिंग आवडत नसेल.’

‘त्याला पुडिंग फार आवडतं, सर.’

‘हो का? मला नाही आवडत,’ कर्नल म्हणाले, आणि जरा वेळाने, ‘मग मीच बसतो पहाऱ्यावर. तुमच्या मिस्टरांना सांगा, हा हुकूम आहे. नाहीतर तो यायचा नाही.’

नाताळच्या दिवशी थंडीने मैदान पांढरं पडलं होतं. शेवटचा नाताळ म्हणून सार्जंटांनी ऑफिसरांच्या बायकांनाही बोलावलं होतं. क्लेम पहाटेच उठला आणि बुटांना पॉलिश करत बसला. पलटणीत त्याच्या हाताखाली बूट घासणारा माणूस होता, पण आजचे बूट त्याने कुणाला दिले नाहीत. बारा वाजता ऑफिसरांचा घोळका मैदान ओलांडून निघाला, आणि क्लेम त्यात सगळ्यात मागे, विनीचा हात धरून.

दार उघडलं. आतून हसण्याचा, ग्लासांचा, पेटीच्या सुरांचा गलका आला, आणि पहिला ऑफिसर आत शिरताच गलका थांबला. सगळे उठून उभे राहिले. पहिला ईनॉक. क्लेम आत आला तेव्हा ईनॉकने टाचा जुळवल्या. त्याची नजर विनीवरून क्लेमकडे गेली आणि तिथून समोरच्या भिंतीवर जाऊन बसली.

‘नाताळच्या शुभेच्छा, सर.’

‘तुलाही, सार्जंट-मेजर,’ क्लेम म्हणाला. दुसरं काही म्हणणं त्याला सुचलं नाही, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं. ‘बसा, बसा.’

कुणी बसलं नाही. शेकोटीजवळच्या खुर्चीतून एक तरणा सार्जंट केव्हाच उठून दूर झाला होता. क्लेम तिच्यात बसला. इतकी वर्षं ज्या खुर्चीची आस धरली, तिच्यात तो बसला, आणि भोवती सगळे ग्लास छातीशी धरून उभे राहिले. कुणी म्हणालं, यंदा थंडी लवकर पडली. क्लेम म्हणाला, हो. कुणी म्हणालं, मेजरसाहेबांच्या कोठीतल्या घोंगड्या उबदार आहेत. सगळे मापात हसले. त्याने हातात दिलेला शेरी वाइनचा ग्लास दोन घोटांत संपवला आणि तो उठला. ईनॉकने सांगितलं होतं, आणि तरी विनीनेच त्याला इथे आणलं होतं.

बाहेर आल्यावर त्याने अर्धं मैदान ओलांडलं. मग म्हणाला, ‘खुर्ची बदललीय वाटतं.’

‘नाही रे,’ विनी म्हणाली. ‘तीच आहे.’

‘असेल.’

पुढे शिपायांचं जेवण. त्या दिवशी शिपायांनी बसायचं आणि ऑफिसर-सार्जंटांनी कमरेला पांढरा फडका बांधून वाढायचं, अशी रीत आहे. पहाऱ्याच्या निमित्ताने क्लेमने तेही इतकी वर्षं टाळलं होतं. जेवणघरात लांबच लांब टेबलं होती आणि शेकडो शिपाई चमचे बडवत होते. आधी टेबल बडवतात, मग वाढप्यांची टर उडवतात, मग कोबीचे उकडलेले, लिंबाएवढे गड्डे फेकून मारतात. एका कप्तानाच्या कानावर एक बसलाही. बायका भिंतीकडेला उभ्या राहून बघत होत्या.

वाढपाचा कारभार अर्थातच ईनॉककडे. दोनापेक्षा जास्त माणसं जमली की तिथला कारभार आपोआप ईनॉककडे जाई. तो मधोमध उभा राहून दोन्ही बाजूंना ओरडत होता. टर्की तिकडे, रस्सा इकडे, ए लेफ्टनंटसाहेब, डाव धरायचा असतो, तलवार नव्हे ती, सर. क्लेम मुदपाकखान्याच्या खिडकीपाशी भाजलेल्या बटाट्यांची मोठी परात भरून घेत होता. त्याचं लक्ष नव्हतं. त्याला घरी जायचं होतं, हे विनीला इतक्या दुरूनही दिसत होतं.

मागच्या टेबलावर आरडाओरडा सुरू झाला. टर्की आली, रस्सा आला, बटाट्यांचा पत्ता नाही. शिपाई ताटं वाजवायला लागले. ईनॉकने वळून खिडकीकडे पाहिलं, आणि गिरणीमागच्या गल्लीत ज्या आवाजात ओरडायचा त्याच आवाजात ओरडला.

‘क्लेम, बटाटे कुठं मेले?’

चमचे थांबले. शिपाई, सार्जंट, ऑफिसर, सगळे जागच्या जागी. पलटणीचा सार्जंट-मेजर, ज्याने एका कप्तानाला टोपी वाकडी म्हणून मैदानावरून परत पाठवलं होतं, तो मेजरला अरेतुरे करून बसला होता. ईनॉकची मान खालून वरपर्यंत लाल होत गेली. त्याने टाचा जुळवल्या. माफी मागायला त्याचे ओठ उघडले.

‘आणतोय ना,’ क्लेम खिडकीपासून म्हणाला. ‘मला काय चार हात आहेत?’

ईनॉकच्या ओठांवर ‘सर’ आलेलं विनीला स्पष्ट दिसलं. ते तिथेच राहिलं. तो क्षणभर क्लेमकडे बघत उभा राहिला, आणि मग ते त्याने गिळलं.

‘दोन आहेत ते तरी चालव, क्लेम,’ तो म्हणाला. या खेपेला मुद्दाम, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा.

हशा उसळला, चमचे पुन्हा वाजायला लागले, कुणीतरी कोबीचा एक गड्डा नेम धरून मेजरच्या छातीवर मारला. क्लेम परात उचलून निघाला. टेबलामागून टेबल तो वाढत गेला, वाकत, पोरांच्या शिव्या खात. त्याचे डोळे घळाघळा वाहत होते, आणि दोन्ही हातांत परात असल्यामुळे ते पुसायचीही सोय नव्हती.